प्रो घ्यायचा की साधा? नव्या फोनच्या किमती वाचायच्या कशा

गणपती गावाला गेले की मोबाईलचे प्रश्न यायला लागतात. ॲपलचे नवे आयफोन सप्टेंबरात येतात, पाठोपाठ ऑनलाइन दुकानांचे सेल आणि मग दसरा-दिवाळी. वाचक दरवर्षी विचारतात ते साधारण हे चार प्रश्न:

- साधं मॉडेल ८३ हजारांना आणि प्रो १ लाख ३५ हजारांना. प्रोत एवढं काय आहे?
- १२८ जीबी पुरेल, की २५६ घेऊ?
- आता घेऊ, की थांबलं तर स्वस्त होईल?
- बहीण अमेरिकेहून येतेय. तिला तिकडूनच आणायला सांगू का?

चारही प्रश्नांमागे एक समज असतो. महागड्या मॉडेलला जे जास्तीचे पैसे लागतात ते त्यात घातलेल्या जास्तीच्या मालाचे, असं आपण धरून चालतो. थोडेफार ते तसे असतातही. पण कंपनी एका फोनची किंमत एकट्याने ठरवत नाही. ती तीन-चार फोन शेजारी मांडते आणि त्यांच्या किमती एकमेकांकडे पाहून लावते. स्वस्त फोनकडे पाहणाऱ्याला ‘अजून थोडे घातले तर’ असं वाटावं, अशी ती मांडणी असते. म्हणून दुकानात किंवा ॲपवर शिरण्याआधी तुमचा आकडा आणि तुमची गरज ठरलेली हवी. ती कशी ठरवायची, ते या लेखात पाहू.

किंमत कशी ठरते: कामापुरतं

आयफोन १२ भारतात ७९,९०० रुपयांना आला. १३, १४, १५ आणि १६ हे पुढचे चारही साधे आयफोनही ७९,९०० लाच आले. २०२० ते २०२४ या काळात महागाई वाढली, रुपया घसरला, तरी साध्या मॉडेलचा हा आकडा हलला नाही, कारण तोच गिऱ्हाईकाच्या डोक्यात बसलेला असतो. बदललं ते आतलं सामान. १२ मध्ये ६४ जीबी स्टोरेज होतं, १३ मध्ये त्याच पैशांत १२८ मिळालं. २०२२ साली १४ आला तेव्हा प्रोला नवी चिप मिळाली आणि साध्या मॉडेलला आदल्या पिढीचीच. किंमत तीच ठेवून फोन चांगलाही करता येतो आणि प्रोच्या मागेही ठेवता येतो.

ही युक्ती मोबाईलच्या आधीची आहे. १९९० च्या सुमाराला आयबीएमने आपल्या लेझर प्रिंटरची एक स्वस्त आवृत्ती काढली. मूळ प्रिंटर मिनिटाला १० पानं छापायचा, हा ५ छापायचा. यंत्र जवळपास तेच होतं, वेग कमी करण्यासाठी आत जास्तीची व्यवस्था केलेली होती. म्हणजे स्वस्त वस्तू बनवायला उलट थोडा खर्चच आला होता. तुमचा साधा फोन असा मुद्दाम लंगडा केलेला असतोच असं नाही. पण कंपनीला परवडत असूनही एखादी सोय वरच्या मॉडेलसाठी राखून ठेवलेली असू शकते, हे ध्यानात असू द्या. १२० हर्ट्झचा पडदा हे त्याचं ठळक उदाहरण. २०-२५ हजारांच्या अँड्रॉइड फोनमध्ये तो सर्रास होता. आयफोनमध्ये तो २०२१ साली प्रोला मिळाला आणि साध्या मॉडेलला थेट २०२५ मध्ये.

आकडे शेजारी ठेवा, पण स्टोरेज सारखं धरून

वाचकांची सर्वांत जास्त फसगत इथे होते. जाहिरातीतला ‘पासून सुरू’ हा आकडा सगळ्यात कमी स्टोरेजचा असतो आणि दोन मॉडेल्सचं कमीत कमी स्टोरेज दरवेळी सारखं नसतं. आयफोनच्या बाजारात येतानाच्या किमती पाहा:

- आयफोन १६ (२०२४): १२८ जीबी ७९,९००, २५६ जीबी ८९,९००
- आयफोन १६ प्रो: १२८ जीबी १,१९,९००, २५६ जीबी १,२९,९००
- आयफोन १७ (२०२५): २५६ जीबी ८२,९००
- आयफोन १७ प्रो: २५६ जीबी १,३४,९००

साधा आयफोन तीन हजारांनी महागला, असं २०२५ मध्ये बहुतेकांना वाटलं. २५६ जीबीची तुलना २५६ शी केली तर तो सात हजारांनी स्वस्त झाला होता. त्याच हिशेबाने प्रो पाच हजारांनी महागला. साधा आणि प्रो यांच्यातलं अंतर ४० हजारांवरून ५२ हजारांवर गेलं, आणि तेही ज्या वर्षी १२० हर्ट्झचा पडदा साध्या फोनला मिळाला त्याच वर्षी. दोन फोन एकमेकांच्या जवळ आले, किमती लांब गेल्या. त्या वर्षी सवयीने प्रो घेणाऱ्यांनी हा हिशेब करायला हवा होता.

सॅमसंगकडेही अशीच रचना आहे. २०२४ च्या जानेवारीत गॅलक्सी एस २४ चं २५६ जीबी मॉडेल ७९,९९९ ला, प्लस ९९,९९९ ला आणि अल्ट्रा १,२९,९९९ ला आलं. एस २४ चं ७४,९९९ रुपयांचं १२८ जीबी मॉडेलही होतं. पाच हजारांचा फरक पाहून कोणीही २५६ कडेच वळेल, आणि बहुतेक लोक वळावेत अशीच ती किंमत होती. इथे वळणं शहाणपणाचंही होतं, कारण त्या १२८ जीबी मॉडेलमधली साठवणुकीची चिप जुन्या, कमी वेगाच्या प्रकारची होती. यावरून एक सवय लावून घ्या. दोन स्टोरेजमधला फरक फक्त आकाराचा आहे की वेगाचाही, हे आधी शोधा.

निर्णयाच्या पायऱ्या

हे सगळं कागदावर करा. मोबाईलच्या पडद्यावर करायला गेलात तर मध्येच एखादी ऑफर समोर येईल.

1. एकूण खर्चाचा आकडा लिहा. फक्त फोनचा नको. कव्हर, स्क्रीनगार्ड आणि लागल्यास चार्जर धरा. ॲपलने २०२० पासून आणि सॅमसंगने २०२१ पासून आपल्या महागड्या फोनच्या बॉक्समधून चार्जर काढून टाकला आहे. पडदा फुटला तर दुरुस्तीला किती लागतील, हे सर्व्हिस सेंटरला आधीच विचारा. महागड्या मॉडेलचे सुटे भागही बहुधा महाग असतात.
2. सध्याचा फोन कुठे अडतो ते लिहा. बॅटरी दुपारपर्यंत संपते? फोटोला जागा नाही? अंधारात फोटो नीट येत नाहीत? बँकेचं ॲप चालत नाही? नुसती बॅटरी दमली असेल तर नव्या बॅटरीवर आणखी दोन वर्षं निघू शकतात.
3. किती स्टोरेज वापरलंय ते पाहा. सेटिंग्जमध्ये एका मिनिटात दिसतं. तीन वर्षांत ७० जीबी भरलं असेल तर ५१२ चा विचार सोडून द्या.
4. प्रोमधल्या जास्तीच्या गोष्टींची यादी करा आणि दुसऱ्या पायरीतल्या यादीत नसलेल्या सगळ्या खोडा. उरलेल्या एक-दोन गोष्टींसाठी पूर्ण फरक मोजायची तुमची तयारी आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर प्रो घ्या, मनात किंतू ठेवू नका.
5. फरकाला वर्षांनी भागा. ५२ हजारांचा फरक चार वर्षांत वाटला तर महिन्याला जवळपास ११०० रुपये होतात. जुना फोन विकताना प्रोला जास्त पैसे येतात, हे खरं. पण ते येतील तेव्हा येतील आणि किती येतील ते आज कोणी लिहून देत नाही.

घरात दुकान किंवा व्यवसाय असून जीएसटी नोंदणी असेल तर एक पायरी आणखी आहे. फोनवर १८ टक्के जीएसटी आहे (१ एप्रिल २०२० पूर्वी १२ टक्के होता) आणि छापील किमतीत तो धरलेला असतो. १,३४,९०० च्या फोनमध्ये जवळपास २०,५८० रुपये कर आहे. फोन खरोखर व्यवसायासाठी असेल तर बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक घालून घ्या आणि कराचं क्रेडिट मिळेल का ते तुमच्या सीएंना विचारा. बिल झाल्यावर क्रमांक घालून घेणं फार कटकटीचं होतं.

कुठला फरक खरा, कुठला नावापुरता

*लांबचा कॅमेरा.* हा फरक खरा. मुलांचं गॅदरिंग मागच्या रांगेतून टिपायचं असेल किंवा पक्ष्यांचे फोटो काढायचे असतील तर टेलिफोटो भिंगाला पर्याय नाही. पण ते मिळवायला प्रोच घ्यावा लागतो, असंही नाही. गॅलक्सी एस २४ च्या साध्या मॉडेललाही तीन पट झूमचं वेगळं भिंग आहे. गूगलने २०२५ मध्ये पिक्सेल १० च्या साध्या मॉडेलला पाच पट झूम दिला आणि किंमत पिक्सेल ९ इतकीच, ७९,९९९ ठेवली. मात्र त्याच फोनचा अल्ट्रावाइड कॅमेरा ४८ मेगापिक्सेलवरून १३ वर आणला. किंमत न वाढवता काही नवं मिळालं की काय काढून घेतलंय, तेही शोधत जा.

*चिप.* व्हॉट्सॲप, यूट्यूब, यूपीआय आणि नकाशे एवढ्यासाठी दोन चिपमधला फरक तुम्हाला जाणवणार नाही. अपवाद एकच. देशागणिक चिप बदलते का, हे तपासा. भारतात विकलेल्या एस २४ आणि प्लसमध्ये सॅमसंगची एक्सिनॉस चिप होती, अल्ट्रामध्ये स्नॅपड्रॅगन. अमेरिकेतल्या यूट्यूबरचं परीक्षण पाहून इथे एस २४ घेणाऱ्याने वेगळ्याच चिपचं परीक्षण पाहिलेलं होतं.

*रॅम आणि ‘एआय’.* याकडे पूर्वी मी दुर्लक्ष करा म्हणत असे, आता म्हणत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ घेतलेल्यांना दुसऱ्याच वर्षी कळलं की ॲपलच्या नव्या एआय सोयी १५ प्रोमध्ये चालतील, साध्या १५ मध्ये नाही. प्रोत ८ जीबी रॅम होती, साध्यात ६. फोन पाच वर्षं वापरायचा असेल तर रॅममध्ये काटकसर नको. मात्र नुसत्या एआयच्या जाहिरातीसाठी जास्त पैसे देण्याआधी त्या सोयी मराठीत चालतात का, हे दुकानात स्वतः बोलून पाहा.

*‘८ जीबी + ८ जीबी रॅम’.* हा फरक नावापुरता. दुसरे ८ जीबी म्हणजे स्टोरेजचाच काही भाग रॅमसारखा वापरणं. ती १६ जीबी रॅम नव्हे.

*टायटॅनियम, काचेची पाठ, खास रंग.* कव्हर घालणार असाल तर सोडून द्या.

*केबलचा वेग.* आयफोन १५ पासून सगळ्यांना टाइप-सी आलं, पण प्रोचा सॉकेट वेगवान आणि साध्याचा जुन्याच वेगाचा. १५ प्रोच्या बॉक्समध्ये आलेली केबलसुद्धा त्या जुन्याच वेगाची होती, वेगवान केबल वेगळी घ्यावी लागे. तासन्‌तासाचे व्हिडिओ लॅपटॉपवर टाकणाऱ्यांनीच याचा विचार करावा.

*अपडेट.* ‘प्रो घेतला की जास्त वर्षं चालतो’ हे दुकानात हमखास ऐकायला मिळतं. २०१८ साली ॲपलने ७६,९०० चा एक्सआर आणि ९९,९०० चा एक्सएस आणला. सात वर्षांनी, २०२५ च्या आयओएस २६ मध्ये, हे दोन्ही फोन एकाच दिवशी यादीतून बाहेर पडले. एस २४ मालिकेला सॅमसंगने सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन दिलं, तेही साध्याला आणि अल्ट्राला सारखंच. आयुष्य वाढवायचं म्हणून मॉडेल बदलायची गरज क्वचितच पडते. त्यासाठी कंपनीचं लेखी आश्वासन वाचा, आणि फोन आज घेताय की दोन वर्षं जुना झाल्यावर, हे मोजा. वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही.

स्टोरेजची शिडी

कंपनीची खरी कमाई मला इथे दिसते. आयफोन १६ मध्ये १२८ चे २५६ करायला १० हजार आणि २५६ चे ५१२ करायला आणखी २० हजार लागत. वनप्लस १२ मध्ये (२०२४) पाच हजार जास्त देऊन स्टोरेज २५६ वरून ५१२ आणि रॅम १२ वरून १६ व्हायची. साठवणुकीच्या चिपची बाजारातली किंमत कंपनीगणिक चौपट होत नाही. फरक किती आकारायचा, ते कंपनी ठरवते.

नियम साधा ठेवा. आज भरलेल्या स्टोरेजची दुप्पट म्हणजे पुढच्या चार वर्षांची सोय. घरातले सोहळे फोर-के व्हिडिओत टिपणाऱ्यांनी आणि फोनवरच रील संकलित करणाऱ्यांनी एक पायरी वर जावं. बाकीच्यांनी जुने फोटो लॅपटॉपवर किंवा हार्ड डिस्कवर उतरवावेत, नाहीतर क्लाउडचा हिशेब करावा. महिना ७५ रुपयांचा क्लाउड वर्षाला ९०० होतो, म्हणजे १० हजारांत ११ वर्षं. पण तो ५० जीबीच देतो आणि भाडं थांबलं की जागा जाते.

‘प्लस’ किंवा तत्सम मधल्या मॉडेलबद्दल फार लिहीत नाही. मोठा पडदा आणि मोठी बॅटरी हवी असेल तर ते चांगलं. ती गरज नसेल तर त्याचं काम बहुधा वरच्या मॉडेलकडे बोट दाखवण्यापुरतं असतं. २०२५ मध्ये ॲपलने प्लस बंद करून त्या जागी १,१९,९०० चा ‘एअर’ आणला, हे बोलकं आहे.

कधी घ्यावा

- आदल्या वर्षीचं साधं मॉडेल. नवा आयफोन आला की ॲपल आदल्या वर्षीच्या साध्या मॉडेलची किंमत उतरवते. २०२४ मध्ये आयफोन १५ आणि २०२५ मध्ये १६ असाच ७९,९०० वरून ६९,९०० वर आला. बहुतेक घरांसाठी मी हाच पर्याय सुचवतो. दिवाळीच्या सेलमध्ये तो आणखी उतरतो.
- आदल्या वर्षीचा प्रो ॲपल किंमत उतरवून विकत नाही, सरळ बंद करते. दुकानांकडे उरलेला साठा मिळाला तर सौदा चांगला होऊ शकतो. सीलबंद बॉक्स, छापील बिल आणि वॉरंटी कधीपासून सुरू झाली, एवढं तपासा.
- सॅमसंग आणि इतर अँड्रॉइड यांच्या किमती वर्षाच्या आतच बऱ्यापैकी घसरतात. पहिल्याच आठवड्यात घ्यायचा असेल तर प्री-बुकिंगला खालच्या किमतीत वरचं स्टोरेज मिळतंय का ते पाहा. तसं काहीच नसेल तर चार-सहा महिने थांबा.
- धाकटी आवृत्ती. पिक्सेल ९ए (४९,९९९) मध्ये पिक्सेल ९ चीच मुख्य चिप आहे. ज्यांना कॅमेरा आणि वेळेवर अपडेट एवढंच हवं, त्यांनी आधी ही रांग पाहावी.

फसगतीच्या जागा

‘इफेक्टिव्ह’ किंमत. बॅनरवर मोठ्या अक्षरात ५४,९९९ आणि खाली तारांकन. त्या आकड्यात एका ठरावीक बँकेच्या कार्डाची सूट, जुना फोन दिल्याची किंमत आणि एक्सचेंज बोनस असं सगळं धरलेलं असू शकतं. विक्रेत्याला एकच विचारा: ‘जुना फोन न देता, यूपीआयने आत्ता पैसे दिले तर किती?’ तुलना त्या आकड्याशी करा.

नो कॉस्ट ईएमआय. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. इथे बँक व्याज लावते आणि तेवढीच सूट किमतीत आधी दिली जाते. उदाहरणार्थ, ८० हजारांचा फोन, सहा हप्ते, व्याजदर १६ टक्के. व्याज होतं साधारण ३,६०० रुपये. तेवढी सूट मिळते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ६५० रुपये, तुमच्या खिशातून जातो. वर प्रक्रिया शुल्क वेगळं. रक्कम मोठी नाही, मात्र रोखीने घेणाऱ्याला एखादी वेगळी सूट मिळत असेल आणि तुम्हाला नसेल, तर ती या खर्चात मिळवा. महिन्याचा हप्ता छोटा दिसल्यामुळे प्रोकडे सरकणं, हे याहून महाग पडतं.

जुन्या फोनचा भाव. आधी भाव विचारा, बोनस नंतर. तोच जुना फोन बाहेर दोन दुकानांत दाखवा. बोनस अनेकदा महागड्या मॉडेलवर जास्त असतो, म्हणजे ती सूट तुम्हाला वरच्या पायरीवर चढवण्यासाठीच असते. फोन देण्याआधी खात्यांतून लॉगआउट होऊन सगळा डेटा पुसा.

सोबत काहीतरी घ्यायलाच लावणं. नवा प्रो आला आणि हवा तो रंग कमी असला की काही दुकानदार ‘इअरफोन आणि दोन वर्षांची जादा वॉरंटी घेतली तरच फोन’ असं सांगतात. ग्राहक संरक्षण कायद्यात अशी अट निर्बंधक व्यापारी प्रथा ठरते. कोणी एमआरपीवर ‘ऑन’ मागत असेल तर तेही बेकायदा. एमआरपीत सगळे कर आलेले असतात. कार्डासाठी दोन टक्के जादा लावून एकूण रक्कम एमआरपीच्या वर नेली, तरी नियम तोच.

ॲपवरच्या खोड्या. ‘फक्त २ उरले’चा खोटा इशारा, टोपलीत आपोआप आलेला विमा, शेवटच्या पानावर उगवलेलं शुल्क. केंद्राने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ प्रकारांवर बंदी घातली आहे. पैसे भरण्याआधी शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

परदेशातून आणायचा असेल तर

मोह का होतो ते समजतं. २०२४ मध्ये अमेरिकेत साधा १६ आणि प्रो यांच्यात २०० डॉलरचं अंतर होतं, त्या वेळच्या दराने साधारण १७ हजार रुपये. इथे ४० हजारांचं. काही भाग करांचा. आयात फोनवरचं सीमाशुल्क जुलै २०२४ मध्ये २० टक्क्यांवरून १५ वर आलं. पण प्रो भारतात जुळवले जाऊ लागल्यावरही ते अंतर कमी झालं नाही, २०२५ मध्ये ते वाढलं. तेव्हा साधा फोन तिकडून आणण्यात फारसा फायदा नाही, प्रोमध्ये होऊ शकतो. आणायला सांगण्याआधी एवढं बघा:

- अमेरिकेत छापलेल्या किमतीवर राज्याचा विक्रीकर वेगळा लागतो.
- आयफोन १४ पासून अमेरिकेतल्या आयफोनमध्ये सिमकार्डची जागाच नाही, फक्त ई-सिम चालतं. आईबाबांसाठी घेत असाल आणि ते सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकणारे असतील, तर हा फोन त्यांच्यासाठी नाही.
- जपानमध्ये विकलेल्या आयफोनचा कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येईलच असं नाही.
- त्या देशातल्या खरेदीची वॉरंटी भारतात चालेल का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्या. मूळ बिल फोनसोबत मागवा.
- विमानतळावर करमुक्त मालाची मर्यादा असते आणि ती बदलते. प्रवासाच्या आठवड्यात सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर पाहा.

मुंबईतल्या काही बाजारांत बिनबिलाचे ‘इम्पोर्टेड’ फोन दाखवतात. तिथे वाचलेले दहा हजार पहिल्या दुरुस्तीत जातात. कोणताही वापरलेला किंवा संशयास्पद फोन घेण्याआधी *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक घ्या आणि दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वर तपासा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथे कळतं.

लॅपटॉप आणि गेमिंग: थोडक्यात

लॅपटॉपमध्ये शिडी तीच, फक्त चुकीची किंमत जास्त. मॅकबुक एअर एम ४ (२०२५) ९९,९०० ला २५६ जीबीसह आला आणि ५१२ जीबी, थोड्या सरस ग्राफिक्ससह, १,१९,९०० ला. नंतर स्टोरेज बाहेरून जोडता येतं, रॅम येत नाही. म्हणून पैसे रॅमवर घाला. विंडोज लॅपटॉप घेताना रॅमचा रिकामा स्लॉट आहे का, हे विचारा. असेल तर कमी रॅमचं मॉडेल घेऊन ती पुढे वाढवता येते.

प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ मध्ये दोन रूपांत आला: डिस्क चालणारा ४९,९९० ला, बिनडिस्कचा ३९,९९० ला. दहा हजार वाचले खरे, पण बिनडिस्कच्या यंत्रावर मित्राची डिस्क लावता येत नाही, जुनी विकत घेता येत नाही आणि खेळून झालेली विकताही येत नाही. मुलगा वर्षाला चार-पाच नवे गेम घेणारा असेल तर स्वस्त यंत्र लवकरच महाग पडतं.

तुमचे हक्क आणि तक्रारीची वाट

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. फोनच्या खरेदीत त्यातलं उपयोगी पडतं ते असं:

- बिल. मालाचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मॉडेल, स्टोरेज, रंग आणि आयएमईआय लिहिलेलं हवं. २५६ चे पैसे देऊन १२८ चा बॉक्स घरी आला, तर बिलावर ‘मोबाईल १ नग’ एवढंच लिहिलेलं उपयोगाचं नाही.
- सदोष माल परत. बिलात मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत सदोष वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापल्याने हा हक्क जात नाही. मात्र फोन चांगला असून तुमचं मन बदललं, किंवा आठवड्याने किंमत उतरली, तर या तरतुदीचा उपयोग नाही. तेव्हा दुकानाचं धोरण पाहावं लागतं.
- जाहिरातीतला दावा. कंपनीने सांगितलेली सोय भारतातल्या मॉडेलमध्ये नसेल तर ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा.

वाद झाला तर या क्रमाने जा. आधी विक्रेत्याला आणि कंपनीला ईमेल करा, फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून टिकत नाही. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करा, तक्रारीचा क्रमांक मिळतो. अनेक तक्रारी इथेच सुटतात. एमआरपीपेक्षा जास्त घेतले असतील तर राज्याच्या वैध मापन शास्त्र विभागाकडे तक्रार करा. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांकडून सल्लाही मिळतो.

तरीही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथे चालते, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. वकील लावणं सक्तीचं नाही. कंपनीचं कार्यालय बेंगळुरू किंवा गुरुग्रामला असलं तरी तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार देता येते. तीही ‘ई-जागृती’ पोर्टलवर घरबसल्या. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. जोडायचे कागद चार: बिल, बॉक्सवरच्या लेबलचा फोटो, जाहिरातीचा किंवा शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि कंपनीशी झालेले ईमेल. बॉक्स रद्दीत देण्याआधी त्या लेबलचा फोटो तेवढा काढून ठेवा.